बदली बॅग

काकू : अहो, डावं चाक अजून कुरकुरतंय.

काका : कुरकुरणारच. नवं चाक आणि नवा जावई, पहिले चार दिवस आवाज करतातच.

काकू : तुम्ही नवे जावई होतात तेव्हा चार दिवस तोंड उघडलं नव्हतंत. आई मला बाजूला घेऊन विचारत होती, मुका आहे का गं हा?

काका : तोंड उघडायला सवड दिलीत कुठे तुम्ही लोकांनी! एक घास संपतोय तोवर दुसरा ताटात. बरं, ते राहू दे. आता बघ. या फरशीपासून त्या दारापर्यंत. एका बोटाने ढकलतोय हं, एका बोटाने. गेली की नाही? विमानतळावर तुला हातसुद्धा लावायला नको. एका हाताने बॅग ढकलीन, दुसऱ्या हाताने तुला.

काकू : मलाही चाकं बसवणार की काय?

काका : बसवली असती. तुझ्या मापाची बाजारात नाहीत.

काकू : हसवू नका. हसले की खोकला येतो.

काका : पाणी घे. सावकाश. घोट घोट. पंखा कमी करू?

काकू : राहू दे. हे काय भरलंय तुम्ही बॅगेत? हा फुलाफुलांचा शर्ट कुणाचा?

काका : माझा.

काकू : आणि ही अर्धी विजार?

काका : तीही माझीच. तिथे सगळे तसेच फिरतात. पूर्ण विजार घालून गेलो तर लोक समजतील, पंप दुरुस्त करायला आलाय.

काकू : एकोणसत्तराव्या वर्षी तुमचे गुडघे जगाला दाखवायचे.

काका : तुझ्यासाठी टोपी आणलीय, ती बघ आधी. ही मोठी झालर. सावली थेट खांद्यापर्यंत.

काकू : चांगली आहे.

काका : घालून तर बघ.

काकू : गुरुवारी घालीन.

मुलगी : काका! झाली का माझी बॅग? तेवढी आजच द्या हं, उद्या दुपारी निघायचंय, ते थेट रविवारी परत.

काकू : ये गं. ही शेजारच्या दातांच्या दवाखान्यातली ना? निळी बॅग हिचीच.

काका : पोरी, बस जरा. बातमी बरी नाही. मला वाटलं होतं, नुसता रनर गेलाय. रनर काढून बघतो तर चेनचे चौदा दात पडलेत. सगळी चेन उसवून नवी घालावी लागेल, आणि या रुंदीची चेन माझ्याकडे बुधवारी येणार.

मुलगी : बुधवारी? काका, आमच्याकडे डॉक्टर तासाभरात दात बसवतात.

काका : मग बोलाव त्यांना. मी खुर्ची आडवी करून देतो.

मुलगी : मस्करी नाही हो, खरंच! आता मी काय करू? माझ्याकडे दुसरी बॅग नाही. थांबा, बाहेर पाटीवर तर लिहिलंय तुम्ही, ‘दुरुस्ती होईपर्यंत बदली बॅग मिळेल.’ मी रोज वाचते ती पाटी.

काका : मिळते. बेचाळीस वर्षं मिळतेय. पण या आठवड्यात बदली बॅगच सुट्टीवर आहे.

मुलगी : म्हणजे हीच का ती? अय्या, किती छान आहे! आतून हिरवी. असं अस्तर हल्ली कुठेच दिसत नाही. आणि हँडलला या पट्ट्या कसल्या? विमानतळावरच्या? बापरे, केवढ्या त्या!

काका : ती बॅग मी केलीय. पहिली, आणि अख्खी अशी तेवढीच. बाकी जन्मभर लोकांच्या ठिगळांचं काम केलं. अस्तर हिचं. लग्नाला महिना झाला होता तेव्हा करायला घेतली. तेव्हा चाकं नव्हती, चाकं मागून बसवली. आज बसवला तो चौथा जोड.

मुलगी : आणि इतक्या वेळा कुठे कुठे जाऊन आलात तुम्ही?

काकू : कुठेच नाही.

मुलगी : अहो, पण या पट्ट्या?

काकू : बॅग जाऊन आली. ज्याची बॅग वेळेत झाली नाही, तो हिला घेऊन गेला. तू जातेयस ना, त्या बेटावर ती अकरा वेळा जाऊन आलीय.

मुलगी : मी बेटावर चाललेय हे कसं कळलं तुम्हाला?

काकू : परवा बॅग ठेवताना पोहण्याचा चष्मा विसरलीस पुढच्या कप्प्यात. तो घे. तिथे ठेवलाय, बरणीपाशी.

मुलगी : अरेच्चा, तरीच सापडत नव्हता. काकू, या बरणीत हे काय आहे? रवा?

काका : रवा म्हणे! अगं, वाळू आहे ती.

काकू : समुद्रावरून आलेल्या बॅगा दुरुस्तीला येतात ना, त्यांच्या अस्तराच्या शिवणीत वाळू असते. कितीही झटका, शिवणीतली जात नाही. ती काढल्याशिवाय मशीनवर घेता येत नाही, सुई मोडते. मी ब्रशने काढते. इतर किनाऱ्यांची वाळू टाकून देते. त्या बेटाची ठेवते.

मुलगी : ती त्याच बेटाची आहे, हे कसं ओळखता?

काकू : पांढरी असते. बोटात धरली तर पिठासारखी. गिऱ्हाइकाला विचारायचीही गरज पडत नाही.

मुलगी : आणि तुम्ही स्वतः एकदाही गेला नाहीत? काका, का हो? चार दिवस दुकान बंद ठेवायचं.

काका : कोणते चार दिवस, सांग. जगाला सुट्टी लागली की आमच्याकडे रांग. ह्याचं चाक निखळलं, तिचं हँडल तुटलं, आणि प्रत्येकाला उद्याच निघायचंय. तुझ्यासारखं. ती गर्दी ओसरली, दुकानात माशा मारायची वेळ आली, की तिकडे वारा फिरतो, समुद्र खवळतो, बेट बंद. बेट उघडं तेव्हा दुकान भरलेलं, दुकान रिकामं तेव्हा बेट बंद. आम्ही दोघं आणि ते बेट, एकमेकांच्या वाटेतच आलो नाही कधी.

काकू : एकदा आलो होतो.

काका : हो, एकदा आलो होतो. ती गंमत सांगू का तुला? लग्नाला सात महिने झाले होते. मी म्हटलं, होऊ दे काय व्हायचं ते, आणि दुकानाला कुलूप घातलं. तेव्हा विमान नव्हतं, बोट होती. आठवड्यातून दोन वेळा. आम्ही धक्क्यावर तासभर आधी हजर. ही बॅग नवी कोरी, हिचे कपडे नवे, मी सत्तावीस वर्षांचा.

काकू : आणि केस होते.

काका : भरपूर होते. तर आम्ही उभे, तेवढ्यात समोरून एक बाई आली, आणि तिच्या हातातली बॅग फुटली. म्हणजे अक्षरशः फुटली. टॉवेल, साबणाचा डबा, पोराची बाहुली, सगळं धक्क्यावर. बाई रडकुंडीला आली. आता तूच सांग, मी काय बघत बसणार होतो?

मुलगी : तुम्ही तिथे दुरुस्त करायला बसलात?

काका : खिशात शिवायची आरी आणि मेणाचा दोरा कायम असायचा. अजून असतो. हा बघ. बसलो खाली मांडी घालून. ही दोरा धरून माझ्यासमोर. असा टाका मारला, असा टाका मारला, की ती बॅग आजही कुठेतरी धड असेल. शेवटची गाठ मारली, बाईने बॅग उचलली, धावत सुटली, फळीवरून आत गेली. आणि मागोमाग फळी काढली.

मुलगी : आणि तुम्ही?

काका : मी आरी पुसत होतो.

मुलगी : काय सांगताय! बोट गेली?

काका : गेली. बाई गेली, बाहुली गेली, आम्ही धक्क्यावर. कामाच्या नादात भोंगा ऐकूच आला नाही मला. पुढची बोट चार दिवसांनी, आणि सोमवारी दुकान उघडायचं होतं. गेलो परत.

मुलगी : काकू, तुम्ही चिडला नाहीत?

काकू : मी हसत होते. धक्क्यावर बसून पोट धरधरून हसले. तेवीस वर्षांची होते. म्हटलं, बेट कुठे पळून जातंय.

काका : परत आलो तर दुकानापुढे एक माणूस उभा, तुटकी बॅग घेऊन. संध्याकाळी निघायचं होतं त्याला. ही म्हणाली, आपली द्या की, आपली कुठे चाललीय. तेव्हापासून बाहेर ती पाटी आहे.

मुलगी : आणि आता शेवटी तुम्ही दोघं चाललात! कधी?

काका : गुरुवारी. सकाळी नऊचं विमान.

मुलगी : मग बरोबर आहे. मी कशी मागू ती? जाऊ दे, मी बघते कुणाकडे तरी. एक मिनिट हं, डॉक्टरांचा फोन आहे. हॅलो, हो सर. नाही सर, शेजारीच आहे, बॅगवाल्यांकडे.

(मुलगी फोन कानाला लावून बाहेर फुटपाथवर जाते. दुकानात पंख्याचा आवाज राहतो, आणि काकूंच्या श्वासाचा.)

काकू : द्या तिला बॅग.

काका : काहीतरीच काय? ती रविवारी येणार, आपण गुरुवारी निघणार. आपण काय पिशवी घेऊन जायचं?

काकू : गुरुवारी आपण निघणार.

काका : मग! तीन दिवस राहिले.

काकू : अहो, या दुकानात चाकं, हँडल, चेन कुणाकडे असते?

काका : माझ्याकडे. हे काय विचारणं झालं?

काकू : आणि अस्तर?

काका : तुझ्याकडे.

काकू : बेचाळीस वर्षांत तुम्ही अस्तराला हात लावला नाहीत. मग मागच्या बुधवारी हिरव्या अस्तराला खालच्या कोपऱ्यात कुणी हात लावला?

काका : कुठे?

काकू : तिथेच. तुम्ही आता बघताय तिथे. मेणाचा दोरा अस्तराला वापरतात होय? तोही एवढा लांब टाका. आंधळ्याच्या बोटांनाही कळला असता.

काका : तू उसवलंस?

काकू : उसवलं, वाचलं, परत शिवलं. तुमच्यासारखा वाकडा टाका घालायला मला दोन तास लागले.

काका : कधी?

काकू : गुरुवारी. तुम्ही चाकं आणायला गेला होतात.

काका : म्हणजे चार दिवस तुला माहीत आहे. आणि तू मला शर्टावरून चिडवतेयस, टोपी गुरुवारी घालीन म्हणतेयस.

काकू : तुम्ही इतक्या हौसेने चाकं बसवत होतात. कसं थांबवू?

काका : फाडून टाकायला हवा होता तो कागद. पण तुझे छातीचे डॉक्टर म्हणाले, हा कायम जवळ ठेवा, कधीही लागेल. जवळ म्हणजे कुठे ठेवू मी? घरात प्रत्येक कपाट तू आवरतेस. म्हटलं, बॅगेत ठेवू. बॅग जवळच आहे.

काकू : तिकिटं?

काका : रद्द केली. मंगळवारीच. विमानात बसायचंच नाही म्हणाले. मी म्हटलं, बरोबर ऑक्सिजन घेतो. नाही म्हणाले. बेटावर तसला दवाखाना नाही. मी बोटीचं विचारलं. ते हसले. बोट बंद होऊन बारा वर्षं झाली म्हणे. मला माहीतच नव्हतं.

काकू : मला होतं. मग तिकिटं नाहीत, जायचं नाही, तर चाकं कशाला बसवलीत?

काका : हात रिकामे राहत नव्हते.

काकू : आणि मला कधी सांगणार होतात?

काका : बुधवारी. म्हणजे गुरुवारी सकाळी. सांगणार होतो की तिकडे वादळ आहे, विमानं बंद झालीत.

काकू : या दिवसांत वादळ? अहो, मी चाळीस वर्षं रोज रेडिओवर त्या बेटाचं हवामान ऐकतेय. आज तिथे ऊन आहे. वारा मंद. उद्याही तसंच.

काका : मला दुसरं काही सुचलंच नाही गं.

काकू : कागदात सगळं अवघड भाषेत लिहिलंय. तुम्हाला तोंडी काय म्हणाले?

काका : तेच. फुफ्फुसं कडक होत चाललीत. औषधाने थोडं थांबेल.

काकू : किती दिवस म्हणाले?

काका : असा आकडा कुणी सांगत नाही.

काकू : अहो.

काका : म्हणाले, पुढच्या सुट्टीचं काही ठरवू नका.

काकू : अच्छा.

काका : मी विचारलं, चिकटवायच्या सोल्युशनच्या वासाने झालं का? एवढीशी जागा, दिवसभर डबा उघडा, आणि ही माझ्या शेजारी बसलेली. म्हणाले, कशानेही होतं. माझ्या समाधानासाठी म्हणाले असतील.

काकू : डोळे पुसा. ती बाहेर उभी आहे.

काका : काही नाही. सोल्युशन झोंबलं.

काकू : डबा बंद आहे.

काका : तू चिडलीयस माझ्यावर.

काकू : हो, चिडलेय. बेटाबद्दल नाही. तुम्ही एकट्याने ते ओझं घेऊन फिरलात, आणि मला रडायला जे चार दिवस मिळाले ते मी तुमच्यापासून लपून काढले. न्हाणीघरात नळ सोडून. दोघांनी मिळून रडलो असतो. तेवढं तरी बरोबर करायचं होतं.

काका : चुकलं माझं. आणखी एक चुकलंय. ते आज सांगून टाकतो, नाहीतर राहून जाईल. तो भोंगा मी ऐकला होता.

काकू : कुठला?

काका : धक्क्यावरचा. बेचाळीस वर्षं सगळ्यांना सांगत आलो, ऐकूच आला नाही. पहिला ऐकला आणि दुसराही ऐकला. चार टाके राहिले होते. उठता आलं असतं. त्या बाईला म्हणता आलं असतं, चला, आत बोटीवर बसून शिवतो. एवढी साधी गोष्ट! पण मी मान वर केली नाही. मला भीती वाटत होती.

काकू : पाण्याची?

काका : तुझी. चार दिवस हाताला काम नाही, समोर नुसता समुद्र आणि शेजारी तू. काय बोलायचं? सात महिन्यांत जे काही बोललो होतो ते इथे, मध्ये एखादी बॅग ठेवून. ती बॅग फुटली तेव्हा मला सुटल्यासारखं झालं. नंतर वाटलं, एवढं काय, पुढच्या वर्षी नेईन. दर वर्षी तेच वाटायचं. तू हसत होतीस ना धक्क्यावर, ते हसणं मला अजून टोचतं.

काकू : मीही ऐकला होता.

काका : काय?

काकू : भोंगा. दोन्ही. दोरा माझ्या हातात होता. मी सोडला असता तर तुम्ही उठला असतात.

काका : मग का नाही सोडलास?

काकू : टाका अर्ध्यावर होता. आणि तुम्ही मान खाली घालून काम करत होतात, वाऱ्याने केस डोळ्यांवर येत होते. मला बघत बसावंसं वाटलं. घाई कसली होती? सगळं आयुष्य पडलं होतं.

काका : तेव्हा गेलो असतो तर काय केलं असतंस तू?

काकू : पोहले असते.

काका : पोहली असतीस?

काकू : मला येतं पोहायला. माहेरी तळं होतं. या काठापासून त्या काठापर्यंत जायचे, भावांच्या पुढे.

काका : तुला पोहता येतं? मला कधी बोलली नाहीस.

काकू : तुम्ही कधी विचारलं नाहीत. आणि दुकानात कुठे पोहायचं? आता हे गुरुवारचं जमलं असतं ना, तरी मी खुर्चीवर आणि तुम्ही छत्री धरून, एवढंच झालं असतं. तेही चाललं असतं मला. खूप चाललं असतं. पण ते वेगळं. तेव्हा मी धावत पाण्यात गेले असते आणि तुम्ही काठावरून ओरडला असतात, अगं परत ये.

काका : ओरडलो असतो.

मुलगी : काका, राहू द्या. बॅगचा प्रश्नच मिटला.

काकू : का गं? तोंड का उतरलं?

मुलगी : डॉक्टरांचा फोन होता. दवाखान्यातली दुसरी मुलगी आजारी पडलीय, आठवडाभर येणार नाही. म्हणतायत, रजा तुझी आहे, तू ठरव, पण पुढच्या महिन्यात गेलीस तर बरं. मी म्हटलं, बघते. त्यांचंही बरोबर आहे. म्हणाले, एवढं काय, बेट कुठे पळून जातंय.

काका : तुझ्याबरोबर कोण कोण जाणार होतं?

मुलगी : आम्ही तिघी. शाळेतल्या बाकापासून ठरलंय आमचं. आता त्यातली एक पुढच्या महिन्यात लग्न करून लांब जाणार, म्हणून तर एवढी धावपळ करून जमवलं होतं. त्या दोघी जातील. मी नंतर कधीतरी जाईन.

काकू : पुढच्या महिन्यात तिकडे वारा फिरतो.

मुलगी : मग पुढच्या वर्षी. मी अजून पंचवीसचीच आहे काकू.

काका : ती टोपी काढ बॅगेतून.

मुलगी : काय?

काका : टोपी काढ. ती काकूंना दे. हा शर्ट इकडे टाक. ती विजार... असू दे, हसू नकोस, ती माझी आहे. ते टॉवेल खाली ठेव. आता बॅग रिकामी आहे. घेऊन जा.

मुलगी : काका, अहो नाही! तुमचं गुरुवारचं?

काका : आमची बोट चुकली पोरी. आम्हाला सवय आहे.

काकू : या वेळी विमान.

काका : या वेळी विमान.

मुलगी : असं कसं? आत्ता तर तुम्ही म्हणालात...

काका : मी पुष्कळ काय काय म्हणतो. ते डॉक्टर तुझे, त्यांना फोन लाव आणि सांग, तुम्ही म्हणालात तू ठरव, मी ठरवलं. आठवडाभर लोकांच्या दाढा दुखल्या तर दुखू देत. बॅगवाल्याची दाढ मंगळवारपासून दुखणार आहे, तोही कळ काढील.

मुलगी : काका, तुमचा आवाज असा का येतोय? काही झालंय का?

काकू : काही नाही, त्यांना सोल्युशन झोंबलंय. थांब, लगेच नेऊ नकोस. आत एक काम राहिलंय. अहो, कात्री द्या. छोटी.

मुलगी : हे अस्तर का उसवताय? चांगलं तर आहे. हा कागद कसला?

काका : हमीपत्र आहे.

मुलगी : बॅगचं? मुदत संपली असेल ना एव्हाना.

काकू : थोडी आहे अजून. अहो, हे तुमच्या खिशात ठेवा. घडी मोडू नका. आणि हिरवा दोरा द्या. मेणाचा नको, साधा. सुई मीच ओवते.

मुलगी : मी ओवून देऊ का?

काकू : नको, येतं मला. फक्त दम लागतो, हात नाही थरथरत. अहो, धरा दोरा.

काका : धरलाय.

काकू : एवढा ताणू नका.

काका : असा? की सोडू?

काकू : नको. धरून ठेवा.

मुलगी : किती बारीक टाका घालता तुम्ही! दिसतसुद्धा नाही.

काकू : दिसायला नकोच असतो. झालं. ही घे. डावं चाक जरा कुरकुरेल, त्याला घाबरायचं नाही.

काका : दोन दिवसांत गप्प बसेल. आणि विमानात बॅग डोक्यावरच्या कप्प्यात कोंबू नको, खालच्या सामानात दे. तिला सवय आहे.

मुलगी : मला खूप अवघड वाटतंय हो. काकू, टोपी तरी तुम्ही घाला, छान दिसेल तुम्हाला.

काकू : ती मी ठेवतेय. चार वाजता इथे बाकड्यावर ऊन येतं.

काका : आण इकडे. मी घालतो. अशी. झालर थोडी वर. दिसतंय का पुढचं?

काकू : दिसतंय. तुम्ही दिसताय.

मुलगी : काकू, तिथून काय आणू तुमच्यासाठी? शंख आणू? काहीही सांगा, लाजू नका.

काकू : काही नको. तू पोहतेस ना?

मुलगी : थोडंफार.

काकू : भरपूर पोह. भोंगा वाजला की मात्र ऊठ, हातातलं काहीही असलं तरी.

मुलगी : आता भोंगा नसतो काकू, विमान आहे.

काकू : हो की. मग जा तू. उशीर नको करू.

मुलगी : येते हं. रविवारी संध्याकाळी आणून देते. अगदी स्वच्छ पुसून, झटकून देते.

काकू : पुसून आण हवं तर. पण पोरी, आतून झटकू नकोस. बरणी अजून दोन बोटं रिकामी आहे.